आधीचा डोळा

जाहिरातीतला कॅमेरा मला हवा होता तोच होता आणि त्याची किंमत चालू बाजारभावाच्या जेमतेम तिसरा हिस्सा होती. छायाचित्रात बॉडी स्वच्छ दिसत होती, लेन्सच्या काचेवर ओरखडा नव्हता, आणि खाली एवढेच लिहिले होते की फारसा वापरलेला नाही, ताबडतोब विकायचा आहे. मी दोन वर्षे अशाच कॅमेऱ्यासाठी पैसे बाजूला टाकत होते. जाहिरात वाचताना मनात पहिला विचार आला तो हा, की दुसऱ्या कुणी नेण्याआधी आपण पोहोचले पाहिजे. कॅमेरा इतका स्वस्त का, हा विचार त्याच्या मागून आला, आणि आल्यावरही मी त्याला बराच वेळ दारातच उभे ठेवले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण चोरीचा माल ओळखण्याच्या म्हणून ज्या खुणा सांगितल्या जातात त्या सगळ्या वस्तूवर आणि विकणाऱ्यावर शोधायच्या असतात. पण त्या दिसण्यापूर्वीच घेणाऱ्याच्या मनात एक गोष्ट घडून गेलेली असते. त्याला ती वस्तू हवीशी झालेली असते, आणि हव्याशा वस्तूबद्दल माणूस नको ते प्रश्न विचारत नाही.

स्वस्ताई हा स्वतःहून पुरावा नव्हे, हे आधी मान्य केले पाहिजे. वापरलेले कॅमेरे स्वस्त होण्याची सरळ कारणे पुष्कळ आहेत. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी 2018 मध्ये मोठ्या, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरचे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे बाजारात आणले, त्यानंतर नव्या लेन्सही त्याच बाजूने येऊ लागल्या, आणि आरशाच्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचे भाव उतरत गेले. यांत्रिक शटरलाही आयुष्य असते. साध्या कॅमेऱ्यात ते साधारण 1,00,000 वेळा उघडझाप होईल एवढे धरतात, मधल्या दर्जाच्या कॅमेऱ्यात 1,50,000 ते 2,00,000, तर निकॉन डी5 सारख्या व्यावसायिक बॉडीत 4,00,000. त्यामुळे शटर थकलेला कॅमेरा दिसायला कितीही नवा असला तरी पडत्या भावात जातो. दमट जागी कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते. कुणाला भेट आलेला कॅमेरा वर्षानुवर्षे खोक्याबाहेर निघत नाही, आणि कुणाला पैशांची इतकी निकड असते की घासाघीस करायला त्याच्याकडे वेळच नसतो. मात्र यांतले कोणतेही कारण असले तर विकणारा ते सांगतो, बहुधा न विचारताच सांगतो, कारण कमी किंमत मागताना त्यालाही ती वाईट वाटत असते. माझ्या जाहिरातीतल्या किमतीला असे काही कारण जोडलेले नव्हते.

भेटायची जागा त्याने दोनदा बदलली आणि अखेर दिवेलागणीनंतर रस्त्याकडेच्या एका बाकावर आम्ही भेटलो. विशी ओलांडलेला, अतिशय नम्रपणे बोलणारा मुलगा होता. कॅमेरा साध्या कापडी पिशवीत होता. खोका नव्हता, पावती नव्हती, गळ्यात अडकवायचा पट्टा काढून टाकलेला होता, आणि चार्जर घरी राहिला आहे, तो नंतर देतो, असे त्याने सांगितले. चार्जर नसणे ही गोष्ट जाणकार माणसे गंभीरपणे घेतात आणि त्याला कारण आहे. कॅमेरा उचलणारा कॅमेरा उचलतो. चार्जर मालकाच्या घरी भिंतीपाशीच राहतो. अर्थात घर बदलताना चार्जर हरवलेली प्रामाणिक माणसेही मी पाहिली आहेत, म्हणून तेवढ्यावरून मी काही ठरवले नाही. त्याच जातीची भरलेली बॅटरी आणि एक कोरे मेमरी कार्ड मी बरोबर नेले होते. बॅटरी घातली, कॅमेरा सुरू झाला, आणि तो मुलगा एकामागून एक माहिती सांगू लागला: सेन्सर किती मेगापिक्सेलचा, सेकंदाला किती फ्रेम, व्हिडिओ कोणत्या दर्जाचा. सगळे बिनचूक होते.

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि आतले सगळे धूसर दिसले. प्रथम वाटले, लेन्स फोकस धरत नसेल. पण व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या चौकटीखाली छिद्रमान (लेन्सचे भोक किती उघडे आहे ते) आणि शटरचा वेग दाखवणारे जे बारीक आकडे असतात तेही पसरलेले दिसत होते, आणि त्या आकड्यांचा लेन्सशी काही संबंध नसतो. नजरेच्या खिडकीच्या कडेला एक लहानशी चकती असते. चष्म्याचा नंबर असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसावे म्हणून ती फिरवून आपल्या डोळ्याला जुळवून घेतात. डायऑप्टरची ती चकती एका बाजूला जवळजवळ टोकापर्यंत फिरवलेली होती. मला चष्मा नाही. त्या मुलालाही नव्हता. “तुम्हाला असंच दिसतं का?” म्हणून मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने पाहिले, लेन्सचे कडे दोनदा मागेपुढे केले, आणि “लेन्स पुसायला हवी” असे म्हणाला. मग मी चकती अंगठ्याने हळूहळू उलटी फिरवली, आकडे एकत्र येत गेले आणि समोरच्या दिव्याचा खांब स्वच्छ उभा राहिला. कॅमेऱ्याच्या मेनूतली सगळी सेटिंग एका आज्ञेसरशी कारखान्यातल्यासारखी करता येतात, पण ही चकती मेनूत नसते. ती हातानेच फिरवावी लागते. त्यामुळे त्या कॅमेऱ्यात आधी ज्या डोळ्याने पाहिले होते तो डोळा अजून तिथेच होता, आणि तो समोर बसलेल्या मुलाचा नव्हता.

तरीही मी स्वतःला थांबवले, कारण फोनवर वाढलेली पिढी खिडकीतून न पाहता मागच्या पडद्याकडे पाहूनच फोटो काढते, आणि त्या मुलाला ती चकती कधी माहीतच झाली नसेल हे अगदी शक्य होते. म्हणून मी विचारले, “किती दिवस वापरता आहात?”

“माझाच आहे, वर्षभर वापरतोय.”

“शेवटचा फोटो कशाचा काढला होता?”

तो जरा थांबला. “असेच. मित्रांचे.”

“एखादा दाखवता का?”

“फोनमधले उडाले सगळे. ताई, घ्यायचा असेल तर सांगा, अजून दोघं येणार आहेत.”

मी माझ्या कार्डावर बाकाच्या कडेचा एक फोटो काढला, कॅमेरा उलटा करून तळाशी असलेल्या क्रमांकाचा फोनवर दुसरा काढला, आणि उद्या कळवते म्हणून निघाले.

तो क्रमांक टिपून घेण्याची सवय मला एका जुन्या चोरीने लावली. बऱ्याच वर्षांपूर्वी प्रवासात माझी बॅग गेली आणि तिच्यात माझा पहिला कॅमेरा होता. तक्रार लिहून घेणाऱ्याने शांतपणे विचारले, “नंबर काय त्याचा?” मला त्या कॅमेऱ्याच्या डाव्या कोपऱ्यावरचा खरवडलेला रंग आठवत होता, शटरचे बटण किती हलके होते ते आठवत होते, पण क्रमांक मी कधी वाचलेलाच नव्हता. तक्रारीत अखेर ‘काळ्या रंगाचा कॅमेरा’ एवढेच लिहिले गेले. जगातले बहुतेक कॅमेरे काळे असतात, आणि हे वाक्य वाचून कुणी माझा कॅमेरा मला परत आणून देणार नव्हते, हे तिथेच कळून चुकले.

पुढे काही महिन्यांनी मला समजले की तो क्रमांक माझ्याकडे सुरुवातीपासून होता. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर एक्झिफ नावाची नोंद लिहितो. तारीख, वेळ, छिद्रमान, शटरचा वेग आणि लेन्सचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) अशी ही नोंद जपानमध्ये 1995 मध्ये ठरलेल्या प्रमाणानुसार लिहिली जाते. अनेक कंपन्या आपापल्या खाजगी रकान्यात कॅमेऱ्याचा अनुक्रमांकही लिहीत होत्या, आणि 2010 च्या 2.3 या आवृत्तीपासून बॉडीचा क्रमांक, लेन्सचा क्रमांक आणि मालकाचे नाव यांना प्रमाणातच स्वतंत्र जागा मिळाली. प्रत्येक कॅमेरा हे सगळे लिहितो असे नाही. पण माझा लिहीत होता. घरच्यांच्या, पावसाच्या, खिडकीतल्या मांजराच्या अशा शेकडो फोटोंत तो क्रमांक बसून होता आणि मी तो तक्रारीच्या कागदावर देऊ शकले नव्हते. नंतर नेऊन दिला. कॅमेरा मिळाला नाही, पण तेव्हापासून कॅमेऱ्याच्या मालकीचा सगळ्यात विश्वासू कागद कोणता असे कुणी विचारले तर मी पावतीचे नाव घेत नाही. पावती हरवते, आणि खोटीही करता येते. त्या कॅमेऱ्याने काढलेले चार वर्षांचे फोटो ऐन वेळी तयार करता येत नाहीत.

घरी येऊन बाकाच्या कडेचा तो फोटो संगणकावर उघडला. तळावरचा क्रमांक आणि फाइलमधला क्रमांक एकच होता, म्हणजे चिकटपट्टी बदललेली नव्हती. ती बदललेली असती तर पुढे विचार करण्यासारखे काही उरलेच नसते. त्या कंपनीचे कॅमेरे शटर किती वेळा उघडले तेही फाइलमध्येच लिहितात, आणि तो आकडा 41,000 च्या पुढे होता. ‘फारसा वापरलेला नाही’ हे खोटे होते. पण वस्तू विकणारे असे खोटे सर्रास बोलतात आणि ते चांगल्या भावासाठी बोलतात. त्यावरून माणूस लबाड ठरतो, चोर ठरत नाही. आणखी खाली छायाचित्रकाराच्या नावाचा रकाना होता. अनेक कॅमेऱ्यांत मालकाला आपले नाव एकदा भरून ठेवता येते आणि मग प्रत्येक फोटोवर ते आपोआप उमटते. कार्ड पुसले तरी ते कॅमेऱ्यात राहते, आणि ते काढायला मेनूत पुष्कळ आत शिरावे लागते. तिथे एक पूर्ण नाव होते, आडनावासकट. मुलाने मला सांगितलेले नाव ते नव्हते.

मी त्याला फोन केला. “ते आधीच्या मालकाचं असेल,” तो म्हणाला.

“म्हणजे तुम्ही त्यांच्याकडून घेतलात?”

“मी पण असाच एकाकडून घेतला.”

“त्यांच्याशी एकदा बोलता येईल का?”

उत्तर आले नाही, आणि फोन ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी ती जाहिरात दिसत नव्हती.

‘मी पण असाच एकाकडून घेतला’ हे वाक्य कदाचित खरे असेल, आणि मला अजूनही त्याच गोष्टीचे वाईट वाटते. तो मुलगा चोर नसून माझ्यासारखाच एक गिऱ्हाईक असेल. स्वस्तात मिळाला म्हणून न विचारता घेतला असेल, नंतर स्वतःलाच शंका आली असेल, आणि आता तो ती शंका किमतीसकट पुढच्या माणसाच्या हातात देऊ पाहत असेल. चोरीची वस्तू बहुतेक वेळा अशीच फिरते. पहिला माणूस ती चोरतो. त्यानंतरचे सगळे फक्त प्रश्न विचारत नाहीत. म्हणून विकणाऱ्याचा चेहरा निरखण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. वस्तू त्याच्याकडे कुठून आली याची साखळी एक पायरी तरी मागे दाखवता येते का, एवढे पाहणे माझ्या आवाक्यात आहे. आधीच्या माणसाशी बोलणे, जुना निरोप, पैसे दिल्याची नोंद, जुना एखादा फोटो, यांतले काहीही चालते. सगळीकडून हात झटकले जात असतील तर पाणी कुठेतरी मुरते आहे.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात या व्यवहाराला स्वतःचे नाव आहे: अस्वामिविक्रय, म्हणजे जो मालक नाही त्याने केलेली विक्री. मनुस्मृतीत सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे न्यायासमोर येणाऱ्या वादांच्या विषयांत, त्याचा क्रम ऋण आणि ठेव यांच्या पाठोपाठ तिसरा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तर खरेदीदाराला उद्देशून लिहिलेली एक ओळ आहे: ‘हीनाद्रहो हीनमूल्ये वेलाहीने च तस्करः’. हीन माणसाकडून, एकांतात, कमी किमतीत आणि अवेळी जो घेतो तोही चोरच. यातल्या ‘हीन’ शब्दाला मी आधी बिचकले होते, कारण तो गरिबाकडे बोट दाखवतो असे वाटले. पण मिताक्षरा या त्या स्मृतीवरच्या टीकेत त्याचा अर्थ ती वस्तू मिळण्याचे साधन ज्याच्यापाशी नाही असा माणूस, असा दिला आहे. वस्तू याच्यापर्यंत आली कशी, एवढेच ते विचारणे आहे. रस्त्याकडेचा बाक, दिवेलागणीनंतरची वेळ, तिसऱ्या हिश्शाची किंमत आणि कुठून आली ते न सांगणारा मुलगा: चारही गोष्टी मी त्या संध्याकाळी पाहिल्या होत्या आणि तरीही ‘उद्या कळवते’ असे म्हणून आले होते.

जो मालक नाही तो मालकी देऊ शकत नाही, हे तत्त्व रोमन परंपरेतून आलेल्या कायद्यांतही आहे, जरी प्रामाणिकपणे घेणाऱ्याला कुठे किती संरक्षण द्यायचे याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये शतकानुशतके असा अपवाद चालत आला होता की भर बाजारात, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत, सद्भावनेने घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच होई. 1994 च्या कायद्याने तो मोडीत काढला. हा अपवाद गेला ते मला योग्य वाटते. ज्याचे काही चुकले नाही त्या मूळ मालकाने आपली वस्तू दुकानाच्या काचेतून पाहत उभे राहावे, हे कोणत्याही व्यापाराच्या सोयीसाठी मान्य करण्याजोगे नाही.

मात्र संशयाचाही एक अन्याय असतो, आणि तो माझ्या हातून थोडक्यात टळला. दोन महिन्यांनी मी दुसरा एक कॅमेरा पाहायला गेले. वरवर सगळे पहिल्यासारखेच होते: पावती नाही, बॅटरी मेलेली, किंमत फार कमी, आणि विकणाऱ्या बाईंना कॅमेऱ्यातले काहीच कळत नव्हते. लेन्स कशी काढतात तेही त्यांना माहीत नव्हते. त्या मुलाला सगळे आकडे पाठ होते आणि या बाईंना मॉडेलचे नावसुद्धा कागदावर लिहून ठेवावे लागले होते. “ह्यांचा आहे,” त्या म्हणाल्या. “हे गेले त्याला दीड वर्ष झालं. मुलगा म्हणाला विकून टाक, पडून खराब होतो.”

मी कॅमेरा हातात घेतला. मागच्या पडद्याचा मधला भाग किंचित फिकट झाला होता, एकाच जागी पुन्हा पुन्हा पुसल्यासारखा. मी त्यावरून बोट फिरवताना त्या एकदम म्हणाल्या, “ह्यांचं नाक लागायचं तिथे. डावा डोळा लावायचे ना. सारखा सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, मी ओरडायची.”

नजरेची खिडकी डाव्या कोपऱ्यात असली तर उजवा डोळा लावणाऱ्याचे नाक कॅमेऱ्याच्या कडेबाहेर राहते. डावा लावणाऱ्याचे पडद्यावर टेकते. हे वापरणाऱ्यांना ठाऊक असते, किंवा वापरणाऱ्यासोबत वर्षे काढलेल्या माणसाला. त्या बाईंना यंत्र माहीत नव्हते, पण ते ज्याच्या हातात होते तो माणूस माहीत होता, आणि खऱ्या मालकीची माझ्या दृष्टीने हीच मोठी खूण. तरीही मी संकोचत विचारले की या कॅमेऱ्याने काढलेला एखादा फोटो आहे का. त्यांना वाईट वाटले नाही. त्यांनी संगणक सुरू करून दिला, आणि नातवाच्या पहिल्या पावलांचे, गच्चीतल्या कुंड्यांचे, झोपलेल्या बाईंचे त्यांच्या नकळत काढलेले फोटो एकामागून एक उघडत गेले. त्यांतल्या एकाची नोंद मी पाहिली. क्रमांक तोच होता. मग किमतीवर बोलणे झाले आणि मी त्यांना ती मागितलेल्यापेक्षा वाढवून दिली, कारण त्यांना बाजारभाव माहीत नव्हता आणि मला होता. कॅमेऱ्यातले जुने कार्ड मी न उघडता त्यांच्याकडे परत दिले. पुसलेल्या कार्डावरचे फोटो वर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बहुधा तसेच असतात आणि साध्या प्रोग्रामने परत काढता येतात. दुसऱ्याचे घर असे विकत घेता येत नाही.

पहिल्या कॅमेऱ्याचा क्रमांक मी जवळच्या पोलीस ठाण्यात नेऊन दिला. चोरी माझी नव्हती, त्यामुळे तक्रार होऊ शकली नाही. त्यांनी क्रमांक, जाहिरातीची प्रत आणि फोन नंबर लिहून घेतले. 2011 मध्ये सुरू झालेले स्टोलन कॅमेरा फाइंडर नावाचे एक संकेतस्थळ आहे, जे अनुक्रमांक घेऊन महाजालावरच्या फोटोंच्या नोंदी धुंडाळते. तिथेही पाहिले, काही मिळाले नाही. न मिळण्याचा अर्थ निर्दोष असा होत नाही, कारण बहुतेक समाजमाध्यमे फोटो चढवताना ही नोंद काढून टाकतात, आणि बहुतेक मालकांना आपला क्रमांक माहीत नसतो, जसा मला नव्हता. फाइलमधल्या त्या नावाचाही शोध घेतला. त्या नावाची पाच माणसे सापडली. पाचही जणांना मी एकच मजकूर पाठवला, त्यात कॅमेऱ्याचे मॉडेल लिहिले आणि क्रमांक मुद्दाम लिहिला नाही, म्हणजे ज्याचा असेल त्याला तो मला सांगता येईल.

दोघांनी आपला नाही म्हणून कळवले. तिघांचे उत्तर यायचे आहे. बाकाच्या कडेचा तो फोटो मी ठेवला आहे. त्यात लाकडाची एक फळी आहे, कोपऱ्यात त्या मुलाच्या हाताची दोन बोटे आली आहेत, आणि चकती उलटी फिरवल्यानंतर काढल्यामुळे माझी चौकट नीट जमली आहे.